वाईन चाखायला शिकायचंय? आधी एक संत्रं सोला

प्रश्न असा आहे: "मी धरमपेठेत राहतो, वय २८. आतापर्यंत चार-पाच वेळा वाईन घेतली, दरवेळी नुसती आंबट आणि तुरट लागली. पुण्याचे मित्र ग्लास फिरवून चेरी, चॉकलेट, चामडं असं काय काय सांगतात. मला काहीच कळत नाही. नागपुरात राहून, फार खर्च न करता हे शिकता येईल का? की कोर्सच करावा लागतो? आणि सावजीसोबत कुठली वाईन चालते?"

काहीच कळत नाही म्हणता, आणि त्याच्या आधीच्याच वाक्यात आंबट आणि तुरट लागली असंही लिहिता. अहो, सुरुवातीला तेच तर कळायचं असतं. मी हॉटेलच्या सर्व्हिसमध्ये एकोणीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा वाईनच्याच कामात गेली. आता इथे नागपुरात महिन्यातून दोनदा आठ-दहा जणांना घेऊन बसतो आणि चाखायला शिकवतो. नव्या माणसाची गाडी अडते ती आंबट, कडू आणि तुरट हे तीन वेगळे काढताना. इंग्रजीतून शिकवणारे लोक तुरटपणा समजावताना गाल आत ओढून, तोंड वेडंवाकडं करून दमतात, कारण त्यांच्या रोजच्या बोलण्यात त्याला सुटसुटीत शब्द नाही. आपल्याकडे आवळा खाल्लेलं पाच वर्षांचं पोरगंही सांगतं, तुरट आहे म्हणून. सहा रसांत कषाय वेगळा मोजलेला आहे. हे भांडवल तुमच्याकडे आधीपासून आहे, ते मित्रांच्या चेरीपायी सोडू नका.

पहिला धडा वाईनशिवाय करायचा. एक संत्रं घ्या. साल सोलून तिचा तुकडा नाकाजवळ धरा आणि बोटांनी दुमडा. बारीक फवारा उडेल. ते सालीतलं तेल. तो नुसता वास आहे. त्यात गोडी नाही की आंबटपणा नाही. मग एक फोड पापुद्रा काढून खा: गोड, आंबट, आणि गिळल्यावर जबड्याच्या मागे, कानाखाली पाणी सुटतं ते. आता फोडीवरचा पांढरा दोरा चावा, मग बी चावा. कडू. आता दुसरी फोड घ्या, नाक चिमटीत घट्ट धरा आणि खा. संत्रं गायब! उरतं ते साखर-लिंबाचं पाणी. चघळता चघळता नाक सोडा, आणि संत्रं धावत परत येईल.

माझ्या बैठकीत हा प्रयोग केल्यावर लोक दोन मिनिटं गप्प होतात. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. (उमामी ही चव किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली वेगळी दाखवली, टोमॅटोत, मश्रूममध्ये ती भरपूर असते.) तिखट म्हणजे जळजळ, तुरट म्हणजे तोंडातला स्पर्श. बाकी ज्याला आपण चव म्हणतो, ते सगळं घशाच्या मागून नाकात चढणाऱ्या वासाचं काम. शाळेच्या पुस्तकातला जिभेचा तो नकाशा, टोकाला गोड आणि मागे कडू, विसरून जा. पाचही चवी जिभेवर सगळीकडे कळतात.

दुसरा धडा काळ्या चहाचा. एकच पत्ती, तीन कप, बिनसाखरेचे. एक दोन मिनिटं मुरवा, दुसरा पाच, तिसरा दहा. गाळून कोमट होऊ द्या आणि ओळीने प्या. तिसऱ्या कपाला दातांवरून जीभ फिरवली की खरखरीत लागेल, हिरड्या आवळल्यासारख्या वाटतील. त्याला वाईनवाले टॅनिन म्हणतात. द्राक्षाची साल, बिया आणि देठातून ते येतं, लाकडी पिंपातूनही थोडं येतं. लाळेतल्या प्रथिनांना ते धरून बसतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. आता तिसऱ्या कपात लिंबाचे चार थेंब पिळा: तुरटपणा आणखी टोचायला लागेल. उरलेल्या चहात चमचाभर दूध घाला: तो मवाळ होईल, कारण टॅनिनला धरायला आता दुधातली प्रथिनं मिळाली. रेड वाईनसोबत चीज का देतात, याचं निम्मं कारण या कपात आहे. तुम्हाला दरवेळी "नुसती आंबट आणि तुरट" लागलेली वाईन बहुतेक रेडच असणार, आणि बहुतेक नुसती, पोट रिकामं असताना घेतलेली.

तिसरा धडा अगदी छोटा. पातळ ताक, गाईचं दूध, म्हशीचं दूध, प्रत्येकी एक घोट. तोंडात जे हलकं-जड लागलं, त्याला वाईनमध्ये बॉडी म्हणतात. मी बैठकीत 'अंग' म्हणतो. अंगाने ताकासारखी की म्हशीच्या दुधासारखी, एवढं सांगितलं तरी पुरे.

आता बाटल्या. इथे माझं एकच सांगणं आहे, आणि बाकी सगळं विसरलात तरी चालेल: एका वेळी एक वाईन कधीही चाखू नका. दोन घ्या, शेजारी शेजारी ओता. एकटी वाईन नवशिक्याला फक्त "बरी" किंवा "नको" वाटते. दोन आल्या की डोकं आपोआप कामाला लागतं. ही जास्त आंबट, ती जाड, हिचा वास लगेच विरला, तिचा राहिला. कळमन्याच्या लिलावात संत्र्याचा ढीग बघणारा माणूस काय करतो? शेजारच्या ढिगाशी ताडून बघतो. आंबियाचं फळ आणि मृगाचं फळ यातला फरक सांगायला आपल्या आज्यांना कधी लेबल लागलं नाही, कारण त्यांनी दोन्ही बहार वर्षानुवर्षं खाल्लेत.

पहिली जोडी व्हाईटची घ्या: सोव्हिन्यों ब्लांक आणि शेनिन ब्लांक. ही द्राक्षांच्या जातींची नावं. दोन्ही नाशिकला होतात आणि आपल्याकडे सहज मिळतात. राजीव सामंत यांनी नव्वदच्या दशकात नाशिकला याच दोन जाती लावल्या आणि २००० साली त्यांच्या सुला या कंपनीच्या पहिल्या वाईन बाजारात आल्या. नाशिकचं आजचं वाईनचं नाव तिथून पुढे मोठं झालं. सोव्हिन्योंला हिरवट वास येतो: ढोबळी मिरची चिरल्यासारखा, कधी पिकलेल्या पेरूचा (काही घरांत अजून जांब म्हणतात). हे कवित्व नाही. ढोबळी मिरचीत पायराझिन नावाचं जे वासाचं संयुग असतं तेच या द्राक्षात असतं, आणि पेरूच्या वासाची गंधकयुक्त संयुगंही दोन्हीकडे सापडतात. शेनिन त्यामानाने मऊ, सफरचंद-मधाच्या बाजूची, आणि आपल्याकडची पुष्कळदा किंचित गोडसर ठेवलेली असते. पंधरा दिवसांनी दुसरी जोडी रेडची: शिराज आणि काबर्ने सोव्हिन्यों. शिराजमध्ये काळ्या मिऱ्याचा वास शोधा. तो येतो रोटंडोन नावाच्या संयुगामुळे. काळ्या मिऱ्यातही तेच असतं, आणि वाईनमधलं त्याचं काम ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००८ साली उलगडलं. गंमत म्हणजे पाचातल्या साधारण एकाला हा वास येतच नाही. माझ्या एका बैठकीत गृहस्थ तासभर ग्लासात नाक खुपसून बसले होते, शेवटी हिरमुसून म्हणाले, "आपलं नाकच बाद आहे न भाऊ." नाक बाद नव्हतं, त्या एका वासाचं कुलूप लागलेलं होतं. दालचिनीचा वास त्यांना सगळ्यांच्या आधी आला.

तिसरी जोडी माझ्या आवडीची: एकच द्राक्ष, दोन गावं. एक काबर्ने नाशिकची, एक कर्नाटकातल्या नंदी हिल्सची किंवा आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची. माती, उंची, ऊन, करणाऱ्याचा हात, सगळं तिथे दिसायला लागतं. पण तिथवर घाईने पोहोचू नका.

हिशेब सांगतो, म्हणजे खर्चाची धास्ती जाईल. बाटली ७५० मिलीची. चाखायला एकाला ५० मिली पुरतात, म्हणजे एका बाटलीत पंधरा वाटे. सात-आठ जण जमवा, दोन बाटल्या आणा, वर्गणी काढा. गोकुळपेठेत एका संध्याकाळी चाट-आइस्क्रीमवर जातं त्याहून फार जास्त जात नाही. एकट्यानेच करायचं असेल तर ३७५ मिलीच्या अर्ध्या बाटल्या विचारा.

आता नागपूरचा खरा प्रश्न, ज्याबद्दल पुण्याचे मित्र काही सांगणार नाहीत: ऊन. पुस्तकात लिहिलेलं असतं, रेड वाईन 'रूम टेंपरेचर'ला द्या. ती रूम थंड युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. आपली मे महिन्यातली खोली पंख्याखाली पस्तिशीत असते. त्या तापमानाला रेड वाईनमधलं अल्कोहोल नाकात घुसतं, फळाचा वास मरतो, आणि तोंडात उरतो काढा. तेव्हा रेडसुद्धा प्यायच्या आधी फ्रिजमध्ये ठेवून त्या सोळा-अठरा अंशांपर्यंत आणायची. अगदी निःसंकोच. व्हाईट उलट: फ्रिजमधून काढली की चार-पाच अंशांवर असते, त्या गारठ्यात वास मुका होतो. दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, दहा अंशांच्या आसपास आली की बोलायला लागते.

याचा प्रयोग करून बघा, एका बाटलीत होतो. शिराजचे दोन ग्लास भरा, एक फ्रिजमध्ये अर्धा तास, एक ओट्यावर. कोणाला न सांगता दोन्ही पुढे ठेवा. मी हे कितीतरी वेळा केलंय. दोन वेगळ्या वाईन आहेत असं निम्मी मंडळी शपथेवर सांगतात, आणि थंडवाली महाग असणार असंही वर म्हणतात.

उन्हाने मला एकदा चांगलंच तोंडावर पाडलंय. सहा बाटल्यांचा खोका गाडीच्या डिकीत होता, मे महिना, आणि मी इतवारीत कामाला थांबलो. अर्धा तास म्हणता म्हणता अडीच तास झाले. संध्याकाळी बाटल्या काढल्या तेव्हा दोन बुचं वरच्या कडेच्या बाहेर डोकावत होती. मला तिथेच कळायला हवं होतं. पण पाहुणे बसलेले, मी ऐटीत ओतली आणि सांगून टाकलं, "भरदार आहे, मुरांब्याचा वास बघा." एक वयस्क काकू पहिल्यांदाच वाईन चाखत होत्या. त्यांनी घोट घेतला आणि म्हणाल्या, "याला शिजल्याचा वास येतो. मनुका पाण्यात उकळून विसरल्यावर येतो तसा." बरोबर होतं त्यांचं. वाईन शिजली होती. त्या दिवसापासून दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालायची माझी सवय सुटली. बैठकीत मी आता शेवटी बोलतो.

म्हणून खरेदी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा, संत्र्याच्या दिवसांत. आपल्याकडे पाटीवर 'वाईन शॉप' लिहिलेलं असतं आणि आत सगळी व्हिस्की. वाईन बिचारी वरच्या फळीवर, ट्यूबलाइटला डोकं लावून उभी. तिथली घेऊ नका. दुकानात एसी किंवा काचेचा फ्रिज आहे का, बाटल्या आडव्या ठेवल्यात का, ते बघा. लेबलवरचं साल बघा. व्हाईट असेल तर दोनेक वर्षांपेक्षा जुनी नको. स्क्रूच्या झाकणाला नाक मुरडू नका. आपल्या हवेत आणि आपल्या किमतीच्या वाईनला तेच बरं. पिण्याचा परवाना लागतो आपल्या राज्यात, दुकानात एका दिवसाचाही मिळतो, तो घ्या. आणि वर्ध्याच्या मित्राकडे 'वाईन नाईट' करायचा बेत असेल तर रद्द करा, त्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. घरी आणलेली बाटली कपाटात नाही, फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज आदर्श जागा नसला तरी नागपूरच्या कपाटापेक्षा हजारपट चांगला.

खोलीचंही बघावं लागतं. उदबत्ती नको, अत्तर नको, स्वयंपाकघरात फोडणी नको. आणि कूलर बंद. वाळ्याच्या ताटीचा वास मला जगातला सगळ्यात प्रिय वास आहे, पण तो चालू असताना ग्लासातलं काही कळत नाही. ग्लास महाग नको, फक्त पोटाला फुगीर आणि तोंडाशी निमुळता हवा, म्हणजे वास आत साठतो. धुतल्यावर तोच ग्लास रिकामाच हुंगा. भांड्याच्या साबणाचा किंवा कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचा वास निघतो की नाही बघा. अर्ध्या घरांत निघतो.

तीन तास आधीपासून खर्रा, पान, सुपारी बंद. सुपारीने तोंड आधीच आवळलेलं असतं, त्यावर टॅनिन काय कळणार? आणि थुंकायला शिका. चाखणारे लोक थुंकतात, त्यासाठी मधे एक भांडं ठेवलेलं असतं. माझ्याकडे येणारी माणसं याला फार लाजतात. मी म्हणतो, अख्ख्या शहराच्या भिंती खर्र्याने रंगवताना लाज वाटली नाही, आणि भांड्यात नीट थुंकायला वाटते? सहा वाईन गिळून सातवीबद्दल कोणीही शहाणपणाचं बोलू शकत नाही. आणि परत गाडीवर जायचंय. वाईन हृदयाला चांगली म्हणून शिकायला आलात असाल तर तो नाद सोडा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलंय की मद्याचं कुठलंच प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. थोडी घ्या, मन लावून घ्या.

प्रत्यक्ष चाखायची रीत सोपी आहे. ग्लास एक तृतीयांशापेक्षा कमी भरा, दांडीला धरा. रंग बघा, पण त्यात वेळ घालवू नका. पांढऱ्या कागदावर तिरपा धरून व्हाईट तपकिरीकडे झुकली का, रेडची कड विटकरी झाली का, एवढं बघितलं की झालं. ग्लासच्या आत ओघळ उतरतात त्यावरून "भारी वाईन आहे" म्हणणाऱ्याकडे हसून बघा. ते ओघळ अल्कोहोल लवकर उडतं म्हणून बनतात, दर्जाशी त्यांचा संबंध नाही.

उलट रंग माणसाला फसवतोच. फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये वाईनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाईट वाईन वास नसलेल्या रंगाने लाल करून दिली. २००१ साली तो अभ्यास छापून आला. पोरांनी तिचं वर्णन रेडच्या शब्दांत केलं. तेव्हा मित्रांसमोर चुकलात तर फार मनाला लावून घेऊ नका.

वेळ घालवायचा तो वासावर. आधी ग्लास न हलवता एकदा हुंगा, मग टेबलावरच गोल फिरवून पुन्हा. लांब श्वास नको. कुत्रं हुंगतं तसे तीन-चार छोटे श्वास, मग नाक बाजूला. तेच तेच हुंगून नाक थकलं तर स्वतःच्या कोपराची त्वचा हुंगा, नाक पुन्हा ताळ्यावर येतं. आणि पहिल्याच झटक्यात "कुठलं फळ?" विचारू नका. पायरीने उतरा. फळ आहे की फूल की मसाला? फळ असेल तर आंबट जातीचं की पिवळं गोड की काळं? ताजं की वाळवलेलं की मुरांब्यातलं? तिथपर्यंत आलात तर नाव नाही सुचलं तरी तुम्ही पास.

मग घोट. चहाच्या चमच्याने दोन चमचे मावतील इतका. तो तोंडभर फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा; गरम चहा सुर्र करून पितो तेच, फक्त आतल्या आत. पाच गोष्टी विचारा: गोडी आहे का? पाणी किती सुटलं, म्हणजे आंबटपणा किती? दातांवर खरखर किती? घशाला ऊब किती, म्हणजे अल्कोहोल? आणि थुंकल्यावर चव किती वेळ राहिली? शेवटच्यासाठी मनात आकडे मोजा. तीनला संपली की दहाला, यातून वाईनबद्दल लेबलपेक्षा जास्त कळतं. गोडीबाबत एक फसवणूक कायम होते: वास फळाचा आला की माणूस "गोड आहे" म्हणतो. संशय आला तर नाक चिमटीत धरा आणि जिभेला विचारा. संत्र्याचा धडा इथे कामी येतो. ड्राय म्हणजे एवढंच, की साखर जवळजवळ उरलेली नाही.

वहीत लिहा, चार ओळी पुरेत. आणि मराठीत लिहा. अॅन नोबल या कॅलिफोर्नियातल्या प्राध्यापकांनी १९८४ साली वाईनच्या वासांचं एक चक्र तयार केलं, ते जगभर वापरतात आणि चांगलंच आहे. पण त्यातली ब्लॅककरंट, गूजबेरी तुम्ही कुठे खाल्लीत? मीही बरीच वर्षं न खाल्लेल्या फळांची नावं पाहुण्यांना ठणकावून सांगत होतो. मग स्वतःचं चक्र केलं. त्यात जांभूळ आहे, तुती आहे, करवंद आहे, वाळलेलं बोर, कवठ, चिंचेचा कोळ, गूळ, मोहाची वाळलेली फुलं, पहिल्या पावसातलं अंगण, नव्या वहीचा कागद, विझवलेली काडी. अर्धकच्चं टेंभरू चुकून खाल्लंय लहानपणी? जीभ टाळूला चिकटते ते? तरुण काबर्नेचं टॅनिन लिहायला यापेक्षा नेमका शब्द मला अजून मिळालेला नाही.

हे चक्र वाढवायला कॉटन मार्केटला सकाळी सहाला जा. खिशात पैसे नसले तरी चालेल. सांबार (पुणेकरांची कोथिंबीर), पुदिना, ढोबळी, कच्चा आंबा, आलं. प्रत्येकाजवळ थांबून डोळे मिटून हुंगायचं आणि मनात नाव घ्यायचं. मग मसाल्याच्या दुकानात दगडफूल, लवंग, तमालपत्र, जायपत्री. वास प्रत्येकाला येतो. अडतं ते वास आणि नाव यांची गाठ नसल्यामुळे. ती गाठ वाईन पिऊन बसत नाही, भाजी घेताना बसते. आमच्यातली सगळ्यात पक्की चाखणारी बाई बैठकीला येण्याआधी वाईनला शिवली नव्हती. तीस वर्षं पापड-मसाल्यांचा गृहोद्योग चालवत होती.

तुमच्या मित्रांच्या 'चामड्या'बद्दल एक. चामडं, तंबाखू, ओली माती हे वास वाईन काही वर्षं बाटलीत मुरल्यावर येतात. व्हॅनिला, खोबरं, धूर हे लाकडी पिंपातून येतात. लोण्याचा वास येतो तो आंबण्याच्या दुसऱ्या टप्प्यात, जिवाणूंनी बनवलेल्या डायअॅसिटिलमुळे. आठ-नऊशे रुपयांच्या गेल्या वर्षीच्या शिराजमध्ये कोणाला चामडं लागलं, तर ते बहुतेक पुस्तकातून लागलंय.

बिघडलेली वाईन ओळखता येणं मात्र खरंच उपयोगाचं. ओल्या पुठ्ठ्याचा, जुन्या कूलरच्या कुजक्या वुडवूलचा वास आला आणि फळाचा वास पूर्ण दबला, तर बुचातला दोष आहे. थांबून तो जात नाही. कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी तपकिरी, मरगळलेली लागली तर हवा लागलीय. व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिशचा वास आला तर तीही गेली. पण उघडल्या उघडल्या सडक्या अंड्याचा किंवा जळल्या काडीचा वास आला तर घाबरू नका, ग्लासात जोरात फिरवून दहा मिनिटं ठेवा, पुष्कळदा उडून जातो. हॉटेलात वेटर थोडी ओतून थांबतो ती एवढ्यासाठीच. आवडली का, असा तो प्रश्न नसतो. शाबूत आहे का, असा असतो.

सावजीचं. माझं स्पष्ट मत: सावजी मटणासोबत वाईन नको. अल्कोहोलने तिखटाची आग भडकते, टॅनिन त्यावर सँडपेपर फिरवतं, दोघांचंही वाटोळं. हट्टच असेल तर किंचित गोडसर शेनिन, चांगली गार, आणि अल्कोहोल कमी असलेली. सांबारवडीसोबत मात्र सोव्हिन्यों घेऊन बघा. आतला सांबार आणि वाईनचा हिरवटपणा एकमेकांना ओळखतात, आणि तळलेल्याचा तेलकटपणा आंबट घोट धुऊन नेतो. गरम भज्यांसोबत स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाईन, त्याच कारणाने. पाटवडी रस्स्यावर मी अजून प्रयोग करतोय, घरचे वैतागलेत.

कोर्स? आत्ता नको. लंडनची डब्ल्यूएसईटी ही संस्था १९६९ पासून हे शिकवते, तिची पहिली पातळी एका दिवसाची असते आणि भारतातही करता येते. सोनल हॉलंड २०१६ साली मास्टर ऑफ वाईन (या क्षेत्रातली सर्वोच्च मानली जाणारी पदवी) झाल्या, भारतातल्या पहिल्या. तेव्हा हा रस्ता इथून लांब असला तरी बंद नाही. पण सहा महिने वही भरल्यावर गेलात तर त्या दिवसाचे पैसे वसूल होतील. आज गेलात तर न खाल्लेल्या फळांची यादी घेऊन परत याल. त्यापेक्षा फेब्रुवारीत समृद्धीने नाशिककडे निघा. आपल्याकडे वाईनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, युरोपच्या उलट, कारण छाटणी पावसाळा सरताना करतात. वेलीवरचं शिराज तोंडात घाला. खायच्या द्राक्षापेक्षा बारीक, साल जाड, बिया मोठ्या. आधी गर चोखा, मग साल वेगळी चावा, मग बी. चहाचा तिसरा कप आठवेल. फक्त गाडी चालवणारा त्या दिवशी थुंकणारा हवा.

उघडलेली बाटली उरली तर झाकण लावून लगेच फ्रिजमध्ये, रेडसुद्धा. रोज एक घोट घेऊन वहीत एक ओळ लिहा. पहिल्या आणि चौथ्या दिवसाची वाईन हीसुद्धा एक जोडीच आहे, आणि तिला वेगळे पैसे पडत नाहीत.